स्वप्नांतून स्वतःला ओळखायचंय: फ्रॉइड, युंग की नुसती वही?

साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक, ही कोष्टकं आधी बाजूला ठेवा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानेही १९०० सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात ती नाकारली होती: स्वप्न ज्याचं, अर्थाचे धागेही त्याच्याचकडे.

फ्रॉइडची वाट अशी: स्वप्नाचा एक तुकडा घ्यायचा आणि त्यावरून मनात येईल ते न गाळता बोलत जायचं. दिसलेलं स्वप्न हा मुखवटा, खरी इच्छा त्याच्याआड. ही पद्धत खोलवर नेते, पण एकट्याने करताना जिथे टोचतं नेमकं तिथेच आपण विषय बदलतो. म्हणून समोर प्रशिक्षित माणूस हवा, आणि वेळही बराच. प्रत्येक स्वप्नामागे इच्छाच असते, हे मात्र मला पटत नाही.

फ्रॉइडपासून वेगळा झालेला मानसोपचारतज्ज्ञ युंग, त्याच्या मते स्वप्न लपवत नाही, जागेपणी राहून गेलेली बाजू भरून काढतं. कायम पडतं घेणाऱ्याच्या स्वप्नात कुणी आरडाओरडा करत असेल, तर विचारायचं: हा माझ्यातलाच कुणी आहे का? हा एक प्रश्न लाखमोलाचा. पुढे मिथकं आणि आदिबंधांत, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोलवर असणाऱ्या समान प्रतिमांत, शिरलं की मात्र भरकटायला वेळ लागत नाही.

सुरुवात करणाऱ्याला मी वहीच सुचवेन. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्व्हिन हॉलने हजारो स्वप्नं जमवून त्यांतली माणसं, भांडणं, भावना चक्क मोजल्या. १९६६ साली सहकारी व्हॅन डी कॅसलसोबत या मोजणीची रीतसर मोजपट्टीही दिली. दिवसा जे मनात घोळतं तेच रात्री उतरतं, हे हॉलचं सूत्र. जाग आल्यावर फोन हातात घेण्याआधी लिहा: आधी भावना, मग प्रसंग, शेजारी आदल्या दिवशीचं काही. वीस-पंचवीस स्वप्नं झाली की सलग वाचा. कोण वारंवार येतं? तुम्ही काही करता, की नुसते बघत उभे असता? एकेका स्वप्नात न दिसणारं इथे दिसू लागतं.

हॉब्सन आणि मॅकार्ली या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की झोपेत मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संकेतांना जुळवून मेंदू गोष्ट रचतो. तसं असलं तरी ती रचायला आठवणी आपल्याच लागतात. फक्त त्यात कुणाचा निरोप शोधू नका.

समुपदेशक मिळत असेल, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लारा हिल यांची पद्धत विचारा: स्वप्न उलगडणं, त्यातून उमगणं आणि मग जगण्यात काय बदलायचं ते ठरवणं. तिसरी पायरी इतरत्र बहुधा राहूनच जाते.

आघातानंतर तेच भयस्वप्न पुन्हापुन्हा पडत असेल, तर एकट्याने अर्थ लावत बसू नका. मानसतज्ज्ञ जागेपणी त्या स्वप्नाला वेगळं वळण द्यायला लावतात आणि रोज काही मिनिटं ते मनात घोळवायला सांगतात. तिथे अर्थापेक्षा झोप आधी.