गाडीच्या चार्जिंगसाठी घेतलेला वायफायवाला स्मार्ट प्लग, आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमधे घेतला होता हा प्लग, आता उन्हाळा पावसाळा दोन्ही निघाले म्हणून लिहून राहिली. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, माझी शाळा २२ किलोमीटर, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन ४४ आणि तेही इलेक्ट्रिक स्कूटीवर. गाडी चांगली आहे, त्रास होता तो चार्जिंगचा. संध्याकाळी घरी आल्याबरोबर लावली की चार्जरचा लाल दिवा, बंद, परत चालू, परत बंद. मग मी रात्री दोनचा अलार्म लावून उठायची, वायर लावायची आणि सकाळी पाचला परत काढायची. दोन महिने असं केलं, सकाळी वर्गात डोळे मिटायचे.

प्लग १६ अँपियरचा आहे, चौदाशे रुपयांत आला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच प्लग दहा नावांनी विकतात. बोर्डात प्लग, प्लगमधे चार्जर, मोबाईलवर अ‍ॅप, अ‍ॅपमधे टायमिंग. मुलीनं दहा मिनिटांत जोडून दिला. फक्त वायफाय २.४ गिगाहर्ट्झवालंच लागते, आणि आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड हात जाड, ओसरीत रेंजच येईना, तर राउटर खिडकीत आणून ठेवावं लागलं.

आता खरी गोष्ट. या प्लगमधे व्होल्टेज दिसते, आणि ते पाहूनच मला कळलं की चार्जर खराब नव्हताच. मे महिन्यात रात्री आठ वाजता माझ्या घरी १६८ व्होल्ट, आणि पहाटे तीनला २२५! गावातले सगळे कूलर एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), दुसरं काय होईल. वरून दिवसभर गाडी शाळेच्या पत्र्याखाली ४४ डिग्रीत उभी राहते, मग ते २२ किलोमीटर पळते, म्हणजे बॅटरी पार तापलेली. लिथियमची बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असं साधारण सगळेच सांगतात आणि बहुतेक गाड्यांमधलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग थांबवते. म्हणजे मी संध्याकाळी करत होती ते दोन्ही बाजूंनी चूक होतं, व्होल्टेज कमी नं बॅटरी गरम. रात्री दोनपर्यंत गाडी थंड होऊन जाते.

माझा हिशेब सांगते, कोणाच्या कामी पडला तर. बॅटरी ३ युनिटची. रोज साधारण अर्धी जाते, ८० टक्क्यांवरून ३० वर येते. परत ८० पर्यंत न्यायला चार्जरमधली तूट धरून १.७ युनिट लागतात, माझा चार्जर ७०० वॅटचा, म्हणून दोन ते साडेचार. प्लगला बॅटरी किती टक्के हे काही समजत नाही, त्याला फक्त वेळ आणि वॅट समजतात, म्हणून हा हिशेब एकदा आपल्यालाच बसवावा लागते. रोज ८० वर थांबवायचं की पूर्ण भरायची हे गाडीचं मॅन्युअल पाहून ठरवा, कारण एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असली तर अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात.

जुलैमधे मात्र याच प्लगनं मला अडचणीत आणलं. रात्री वारा सुटला, लाईन गेली, कधी आली माहीत नाही, आणि सकाळी पाहते तर गाडी ३० वरच. एसटीनं गेली, पोहोचेपर्यंत पहिला तास गेला, पोरं व्हरांड्यात बसून होती. खूप वाईट वाटलं. मग शोधलं तर कळलं की या प्लगमधे घड्याळाचा सेलच नाही! वेळ तो नेटवरून घेतो. लाईन गेली की वेळ विसरला, आणि लाईन आल्यावर नेट नसलं तर बसून राहतो, कारण किती वाजले हेच त्याला माहीत नाही. दुसरं, बरोबर दोन वाजता लाईन नसली आणि दोन वीसला आली तर दोनचा हुकूम हुकला तो हुकलाच. आपल्या शेतातल्या मोटरीचं साधं ऑटोसुद्धा लाईन आली की मोटर चालू करते, आणि चौदाशेच्या वस्तूला एवढं येऊ नये? डब्यावर हे कुठंच लिहिलेलं नाही, आणि खेड्यातल्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगायला पाहिजे.

उपाय मी असा केला की राउटर इन्व्हर्टरवर टाकलं, आणि अ‍ॅपमधे चालूचे हुकूम एकाऐवजी तीन ठेवले, दोन वाजता, पावणेतीनला, साडेतीनला, बंदचा एकच साडेचारला. आधीच चालू असलं तर दुसऱ्या हुकमानं काही बिघडत नाही, आणि पहिला हुकला तर दुसरा पकडते. लाईन परत आल्यावर प्लगनं काय करावं याची सेटिंग असते, ती 'आधीसारखं' वर ठेवा, 'बंद' वर ठेवली तर मधेच लाईन गेली की चार्जिंग तिथंच संपलं. हे केल्यापासून चार महिन्यांत फक्त एकदा चुकलं, तेव्हा टॉवरच बंद होता.

पैसे वाचतात का, तर माझे नाही वाचले. महिन्याचे ४०-४२ युनिट लागतात, ते रात्री घ्या की संध्याकाळी, माझ्या साध्या मीटरवर तेवढेच, उलट बिल आता १०० युनिटच्या पुढच्या स्लॅबमधे जाते. स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा ९ ते ५ च्या युनिटवर सवलत आहे, पण त्या वेळेस माझी गाडी शाळेत असते. यवतमाळला नणंदेकडे छतावर सोलर आहे, तिच्यासाठी हाच प्लग दुपारी अकराला लावून दिला, तिला बरोबर जमते.

शेजारचे काका विचारत होते, "मॅडम, विहिरीच्या मोटरीले लावता येईन का जी हे?" नाही काका, मोटर सुरू होताना करंट एकदम कितीतरी पट ओढते, आतलं रिले, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, चिकटून जाईल. आणि गाडीसाठी लावणारांनी आधी अर्थिंग पाहा. आमच्याकडे नावालाच होतं, यांनी वायरमनला बोलावून अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा टाकून नवीन करून घेतलं, मगच मी निश्चिंत झोपू लागली. बोर्डही जुना चालत नाही, ढिल्या सॉकेटमधे पिन गरम होते, आमची एक काळी पडली होती.

पाचपैकी साडेतीन. आत घड्याळाचा एक सेल टाकला असता तर पाच दिले असते.