दगडाची सांगून ओतीव मूर्ती गळ्यात मारली

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावाने वर्गणी करून विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती घेतल्या. विकणारा म्हणाला, "वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलंय, तोच हा काळा पाषाण." काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि तो तर जवळजवळ अख्ख्या मराठवाड्यात पायाखाली आहे, त्यामुळे बोलणं खरंच वाटतं. त्याच्या कारखान्यात पाथरवट आमच्यासमोर छिन्नी चालवत होता. गावात आल्या त्या मात्र ओतीव मूर्ती: दगडाची भुकटी रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) कालवून साच्यात ओतायची, वरून काळा रंग.

उन्हाळ्यात विठोबाच्या पायाचा टवका उडाला आणि आतून फिकट राखाडी, भुसभुशीत भाग दिसला. काळा पाषाण फुटला तरी आतून गडद आणि घट्टच असतो. मग आम्ही बारकाईने पाहिलं. कानामागून खांद्यापर्यंत साच्याची बारीक रेघ, नाकपुडीच्या कडेला हवेच्या बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं. तळाशी तापवलेली सुई टेकवली तर ती रुतली, प्लास्टिक जळाल्याचा वास आला.

सगळ्यात वाईट गोष्ट सेलूकडच्या पाहुण्यांनी सांगितली. आमच्या विठोबाच्या उजव्या कोपराखाली छिन्नीचा आडवा घाव आहे, आणि त्यांच्या देवळातल्या विठोबाच्याही कोपराखाली अगदी तसाच घाव आहे. रबरी साचा मूळ मूर्तीवरचा घावसुद्धा जसाच्या तसा उचलतो. हाताने घडवलेल्या दोन मूर्तींवर तोच घाव त्याच जागी येणं शक्य नाही.

वजनावर भरवसा ठेवू नका. एक घनफूट बेसाल्ट साधारण ८० किलो भरतो, पण आमच्या मूर्तींच्या पोटात सिमेंट काँक्रीट भरलेलं होतं. बोटाने वाजवून पाहा, तळाशी आणि छातीशी वेगळा आवाज आला की संशय घ्या.

ओतीव मूर्तीत वाईट काही नाही. ओतीव सांगून, त्या भावात विकली तर कुणाची तक्रार नसते. इथे म्हाताऱ्या माणसांनी ज्वारी विकून दिलेला पैसा लुबाडलाय, याचा संताप होतो.

आता मूर्ती करायला द्याल तर आधी कच्चा दगड पाहा, त्याच्या तळाशी आपली खूण कोरून घ्या, काम अर्ध्यावर असताना जाऊन या. बिलावर 'मूर्ती २ नग' एवढंच घेऊ नका, 'अखंड काळा पाषाण, हाताने घडवलेली' असं लिहून घ्या. आमच्या बिलावर दगडाचं नावच नव्हतं आणि आता विकणारा त्याचाच आधार घेतोय.

जिंतूर-सेलू भागात अलीकडे काळ्या पाषाणाच्या म्हणून विठ्ठल-रखुमाई बसवल्या असतील, तर विठोबाच्या उजव्या कोपराखाली आडवा घाव आहे का ते बघा आणि कळवा. तक्रार सगळ्या गावांनी मिळून करायची आहे.