कोपरखैरणे तीन टाकीजवळचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: फॉरमॅट न करता सिक्युअर बूट चालू करून दिलं

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते जरा सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या पीसीवर पोटापाण्याचा डेटा आहे त्यांना ह्याचा उपयोग होईल. विंडोज ११ टाकायचंय किंवा गेम चालू होत नाहीये आणि स्क्रीनवर सिक्युअर बूट (पीसी चालू होताना पहिल्या सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) चालू करा असं येतंय, आणि कोणी तुम्हाला सांगितलं की त्यासाठी पीसी फॉरमॅट करावाच लागेल, तर हो म्हणायच्या आधी एकदा इथल्या दादांना दाखवा. बहुतेक वेळा फॉरमॅट लागत नाही.

मी घणसोलीला राहते, घरूनच अकाउंट्सची कामं करते. पीसी असेंबल केलेला, २०१९ च्या शेवटी घेतलेला, रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, तेव्हाच्या माणसाने विंडोज १० टाकून दिलेलं. चालायला एकदम छान आहे, तक्रार काहीच नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि क्लायंटचे जीएसटीचे कागद, बँकेचे स्टेटमेंट सगळं त्याच पीसीवर, म्हणून ११ वर जायचं ठरवलं. तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक सांगतं की हा पीसी चालणार नाही, सिक्युअर बूटचा सपोर्ट नाही. प्रोसेसर तर ११ च्या यादीत आहे! स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी पीसी न बघताच सांगितलं, सगळं उडवून नवीन टाकावं लागेल, डेटा काढून आणा. आता फॉरमॅट म्हणजे नुसत्या फाईली नाहीत हो, टॅलीचं लायसन्स परत ॲक्टिव्हेट करा, डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या पेनड्राईव्हचा) ड्रायव्हर शोधा, प्रिंटर, मराठी टायपिंगचा कीबोर्ड, सगळ्या पोर्टलची सेटिंग, आणि हे सगळं रिटर्न भरायच्या तारखा तोंडावर असताना. मुलाचा मित्र म्हणाला काकू मी पेनड्राईव्ह बनवून देतो, चेकिंग बायपास करून विंडोज ११ बसतं. बसतं हे खरंय, पण माझा मुलगा व्हॅलोरंट खेळतो आणि विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप किंवा प्रोसेसरमधलीच सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही खरोखर चालू आहेत का ते स्वतः तपासतो, सिक्युअर बूट नसेल तर व्हॅन ९००३ असा एरर देऊन बंद. म्हणजे बायपास करून गेमचं काम होणार नाही आणि पीसीची सुरक्षा आहे तिथेच.

तर हे दुकान. तीन टाकीच्या आतल्या गल्लीत, एकच गाळा, पुढे काउंटर आणि मागे टेबलावर उघडे सीपीयू. दादांनी सीपीयू उघडलाच नाही आधी, मॉनिटर लावून विंडोज चालू केलं आणि मला बाजूला स्टूल देऊन म्हणाले, ताई बसा, बघा तुम्ही पण. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाईप केलं, त्यात दोन ओळी दाखवल्या, बायोस मोड लेगसी आणि सिक्युअर बूट स्टेट अनसपोर्टेड (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर). म्हणाले इथे अनसपोर्टेड लिहिलंय म्हणजे तुमच्या मदरबोर्डला जमत नाही असं नाही, विंडोज जुन्या पद्धतीने टाकलंय म्हणून ते तसं दाखवतं. ऑफ असं आलं असतं तर नुसतं सेटिंगचं काम होतं. ही एक ओळ मला स्टेशनजवळच्या त्या माणसाने सांगितली असती तरी पुरे होतं.

मग त्यांनी विचारलं ते प्रश्न मला सगळ्यात आवडले. बिटलॉकर, म्हणजे ड्राईव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आठवतो का, ह्याच पीसीवर लिनक्स वगैरे दुसरं काही टाकलंय का, आणि टॅलीचा डेटा नक्की कुठल्या ड्राईव्हमध्ये आहे. हे सगळं बायोसला हात लावायच्या आधी. बिटलॉकर का विचारलं ते तिथेच कळलं, कारण ऐरोलीचा एक कॉलेजचा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याच्या मित्राने बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघितलं आणि लॅपटॉप निळा स्क्रीन दाखवून रिकव्हरी की मागत होता. ४८ आकडी, सहा सहा आकड्यांचे आठ गट. पोराचा चेहरा अगदी उतरलेला, त्याला माहीतच नव्हतं की ड्राईव्ह एन्क्रिप्ट आहे, हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये सेव्ह होते. दादांनी त्याच्याच मोबाईलवर अकाउंट उघडायला लावलं, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या आयडीशी जुळवली, मग त्याने एकेक आकडा वाचला आणि दादांनी टाईप केला. चालू झाला. आणि त्याला सांगितलं, पुढच्या वेळी बायोसमध्ये जायचं असेल तर आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड कर आणि ही की कागदावर लिहून घरी ठेव.

माझ्या पीसीत बिटलॉकर नव्हतं. पहिलं काम बॅकअप, टॅलीचा फोल्डर आणि सगळी डी ड्राईव्ह बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ती हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून माझ्यासमोर टॅलीची एक कंपनी उघडून दाखवली की बॅकअप खरोखर आलाय. हे कोण करतं सांगा, लोक कॉपी झाली की विषय सोडून देतात.

मग बायोस अपडेट. ह्याची गरज काय असं मी विचारलं तर म्हणाले की एएमडीच्या प्रोसेसरमध्ये टीपीएमची वेगळी चिप लागत नाही, आतलं एफटीपीएम चालू करायचं असतं, पण जुन्या बायोसमध्ये ते चालू केलं की मधेच एखाद सेकंद पीसी अडकायचा, आवाज तुटायचा, ते एएमडीने २०२२ मध्ये सुधारून दिलं आणि त्यासाठी नवा बायोस लागतो. अपडेट करताना पीसी यूपीएसवर लावला, कारण मधेच लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो, आणि बायोसच्या कामांत हे सगळ्यात आधी घेतलं, कारण अपडेट झालं की बायोसची सगळी सेटिंग परत मूळपदावर येतात, मग आधी केलेलं सगळं वाया. अपडेटनंतर एक काळा स्क्रीन आला, एफटीपीएम रिसेट करायचं तर वाय दाबा नाहीतर एन. म्हणाले इथे लोक न वाचता वाय दाबतात, बिटलॉकर असेल तर रिकव्हरी कीशिवाय पीसी उघडणार नाही असं त्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे बिटलॉकर नाही म्हणून त्यांनी वाय दाबलं.

आता मुख्य भाग, डिस्क. माझी एसएसडी एमबीआर म्हणजे पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची होती आणि सिक्युअर बूटला यूईएफआय म्हणजे बायोसची नवी पद्धत लागते, आणि यूईएफआयमधून विंडोज चालू व्हायला डिस्क जीपीटी म्हणजे पार्टिशनच्या नव्या पद्धतीची लागते. ह्याच ठिकाणी बरेच जण फॉरमॅट सांगतात. पण विंडोज १० मध्येच १७०३ व्हर्जनपासून एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, ती डेटा न उडवता डिस्क बदलून देते. दादांनी आधी फक्त तपासणी चालवली, व्हॅलिडेट, आणि ती फेल झाली. कारण माझ्या एसएसडीवर सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि रिकव्हरी असे चार प्रायमरी पार्टिशन होते आणि ह्या कमांडला जास्तीत जास्त तीन चालतात, यूईएफआयच्या नव्या पार्टिशनला जागा लागते म्हणून. डीचा बॅकअप झालेलाच होता तर डी काढून टाकली, परत व्हॅलिडेट, पास, मग कन्व्हर्ट. मला वाटलं तास दोन तास लागतील पण चहा येईपर्यंत झालं. नंतर रिकाम्या जागेत परत डी बनवली, तेच अक्षर दिलं आणि डेटा परत टाकला, त्यामुळे टॅलीला काही कळलंच नाही, कंपन्या होत्या तिथेच उघडल्या.

कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने पीसी चालू करायची सोय, बंद करायचं असतं, नाहीतर विंडोज उघडणार नाही. त्याआधी त्यांनी माझं ग्राफिक कार्ड कुठलं आहे ते पाहिलं, कारण खूप जुन्या कार्डाला यूईएफआय कळत नाही आणि सीएसएम बंद केलं की स्क्रीन काळाच राहतो, मग बायोसची बॅटरी काढून रिसेट करत बसा. माझं कार्ड ठीक होतं. सीएसएम बंद, बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर असं नवीन नाव दिसलं, तेच पहिलं ठेवलं, विंडोज नेहमीसारखं उघडलं.

आणि मग सिक्युअर बूट एनेबल केलं तरी खाली नॉट ॲक्टिव्हच! इथे मला वाटतं घरी करणारे बरेच जण हात टेकत असतील. चालू तर दिसतंय पण विंडोज म्हणतं ऑफ. दादांनी दाखवलं की शेजारी सिस्टीम मोड सेटअप असं लिहिलंय, म्हणजे बोर्डमध्ये चाव्याच भरलेल्या नाहीत. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवला पण कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही ती यादीच दिली नाही, तसं झालंय म्हणाले. सिक्युअर बूटचं काम एवढंच की पीसी चालू होताना जे पहिलं सॉफ्टवेअर चालतं त्याची सही तपासायची, ओळखीची असेल तर आत, बंदीच्या यादीत असेल तर बाहेर. परवानगीची यादी डीबी, बंदीची डीबीएक्स, त्या याद्या बदलायचा अधिकार केईकेकडे आणि सगळ्याच्या वर पीके म्हणजे प्लॅटफॉर्म की. पीके नसेल तर बोर्ड सेटअप मोडमध्येच राहतो आणि तपासणी होतच नाही. मोड स्टँडर्डवरून कस्टम केला, मग परत स्टँडर्ड, फॅक्टरी की टाकू का असं विचारलं त्याला हो म्हटलं, सेव्ह करून रिस्टार्ट. सेटअपच्या जागी यूजर आणि नॉट ॲक्टिव्हच्या जागी ॲक्टिव्ह. काही बोर्डवर हेच की मॅनेजमेंटमध्ये डिफॉल्ट की इन्स्टॉल करा अशा नावाने असतं, काहींवर ओएस टाईपमध्ये अदर ओएसच्या ऐवजी विंडोज यूईएफआय निवडावं लागतं. प्रत्येक कंपनीने वेगळ्या ठिकाणी लपवून ठेवलंय, मला हे पटत नाही, एवढी महत्त्वाची गोष्ट सगळ्यांकडे एकाच नावाने असायला हवी.

एमएसइन्फो३२ मध्ये परत बघितलं, बायोस मोड यूईएफआय, सिक्युअर बूट ऑन. मग फाईली आणि प्रोग्रॅम ठेवून विंडोज ११ चं अपग्रेड, ते रात्रभर दुकानातच ठेवलं. घरी आणल्यावर डीएससी टोकन लावलं, पोर्टलवर लॉगिन झालं, प्रिंटरने प्रिंट काढली, मुलाचा गेम उघडला. काहीही परत टाकावं लागलं नाही.

निघताना त्यांनी अजून एक सांगितलं ते सगळ्यांनीच लक्षात ठेवा. ह्या सह्या तपासायची मायक्रोसॉफ्टची जी सर्टिफिकेटं बहुतेक पीसीमध्ये आहेत ती २०११ ची आहेत आणि २०२६ च्या जूनपासून त्यांची मुदत संपायला लागते, त्याजागी २०२३ ची नवीन येतायत, ती विंडोज अपडेटमधून आणि काही ठिकाणी बायोस अपडेटमधून मिळतात. म्हणून अपडेट बंद करून ठेवू नका, बरेच जण नेट वाचवायला बंद करतात.

पैसे म्हणाल तर कामाचे नऊशे आणि बॅकअपचे दोनशे वेगळे घेतले, आधीच सांगून. मला योग्य वाटले. फॉरमॅटवाला त्याहून कमीत करत होता पण माझे दोन दिवस पुढे सगळं परत बसवण्यात गेले असते.

कमी काय ते पण लिहिते. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर गर्दी असते आणि एकटेच बघतात त्यामुळे ताटकळावं लागतं, हाताखालचा मुलगा चांगला आहे पण बायोसचं काम त्याला देऊ नका म्हणून दादांनी स्वतःच सांगितलं. बिल मागितलं की देतात, मागा. गाडी आत गल्लीत लावायला जागा नाही, मुख्य रस्त्याला लावून सीपीयू उचलून न्यावा लागतो, पावसात जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. मॉनिटर, कीबोर्ड नेऊ नका, त्यांच्याकडे आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आणि ज्या मोबाईलवर त्याचा ओटीपी येतो तो मोबाईल मात्र बरोबर ठेवा, मुलाच्या नावाने अकाउंट असेल तर मुलालाच घेऊन जा, आणि शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा ते शेजारी बसवून सगळं नीट दाखवतात.