कारखाना बंद होण्याआधी घेतलेली ठासणीची बंदूक: एका हंगामाच्या वापरानंतर

ही एकनळी, टोपीवर चालणारी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून काळी दारू ठासून भरायची आणि तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून पेटवायची बंदूक, मी पेरणीच्या आधी घेतली आणि भात झोडून घरात आल्यावर तिच्याविषयी लिहीत आहे. मधल्या काळात ती बनवणाऱ्या छोट्या परवानाधारक कारखान्याने काम गुंडाळत असल्याचे आपल्या विक्रेत्यांना कळवले, त्यामुळे बंदूक कशी चालते यापेक्षा ती पुढे किती वर्षे चालवता येईल हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण उत्तरेकडच्या अशा अनेक कारखान्यांची आज थोड्याफार फरकाने हीच अवस्था आहे.

मी पुण्यात राहतो आणि शेत राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत खाचरेच्या खाचरे लोळवून जातात. आमच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना पूर्वीपासून आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे शेतकऱ्याला हा प्रकार मिळणे त्यातल्या त्यात सोपे जाते. मात्र वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले असून वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. माझा सारा वापर म्हणूनच नुसत्या आवाजापुरता, म्हणजे गोळी किंवा छर्रे न भरता बार उडवण्यापुरता मर्यादित राहिला. नेम आणि पल्ला यांविषयी कुणाला जाणून घ्यायचे असेल, तर या लिखाणाचा त्यांना उपयोग नाही.

घडण एकंदरीत चांगली आहे. शिसवीचा दस्ता पहिल्या मोठ्या पावसात किंचित फुगला आणि कळीच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेच्या, पट्टीजवळ घट्ट झाला, पण कुठे तडकला नाही. आश्विनात ऊन पडल्यावर तो आपोआप मोकळा झाला. घोडा अर्ध्यावर ठेवला की तिथे पक्का बसतो, चाप ओढूनही सुटत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने या बंदुकीत पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. चाप मात्र जड आहे. दारू ठासायच्या गजाच्या टोकाला पितळी टोपण असल्यामुळे नळीच्या तोंडाशी ओरखडे पडत नाहीत. नळीवर चाचणीचा शिक्का स्पष्ट उमटलेला आहे. तो पुसट असेल तर विक्रेता काहीही सांगो, बंदूक उचलू नये.

श्रावणात बार फुसका जाण्याचे प्रमाण वाढले. सुरुवातीला मी दारूला दोष देत होतो, पण कारण दुसरेच निघाले. साफसफाईनंतर सढळ हाताने लावलेले तेल टोपीकडून नळीकडे जाणाऱ्या बारीक वाटेत उतरून बसत होते आणि ठिणगी पोहोचण्याआधीच विझत होती. स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी 1807 मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याची टोपी आली, आणि पावसात विझणाऱ्या तोड्यापासून (पेटत्या वातीपासून) आणि चकमकीपासून सुटका झाली. टोपी आपले काम आजही चोख करते. वाट मात्र आपणच मोकळी ठेवावी लागते.

साफसफाईबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ज्यांना काडतुसांच्या बंदुकीची सवय आहे ते इथेच फसतात. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राख आणि क्षारांच्या रूपात नळीत उरतो, तो हवेतील ओल शोषतो आणि लोखंड खातो. वेल्ह्याच्या पावसाळी हवेत ‘उद्या बघू’ म्हणून ठेवलेली नळी सकाळी तांबूस दिसते. त्यामुळे ज्या दिवशी बार उडवला त्याच रात्री गरम पाणी, साबण, कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा पातळ हात, हा क्रम चुकवता येत नाही. घरच्यांना त्या पाण्याच्या वासाची तक्रार असते आणि ती रास्त आहे.

खरी अडचण हंगामाच्या शेवटी दिसली. टोपी ज्यावर बसते त्या निपलचे डोके घोड्याच्या मारामुळे पसरले होते आणि त्यातले छिद्र उघड्या डोळ्यांनी कळण्याइतके रुंद झाले होते. पोलादाला पुरेसे पाणी दिलेले नसावे. छिद्र रुंद झाले की दाब मागे येतो, घोडा उचलला जातो आणि टोपीचे तुकडे उडतात. अशा अवस्थेत बंदूक वापरणे योग्य नाही. मी ती कॅम्पातील एका परवानाधारक जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांनी निपल काढून रॉकेलने पुसले, आटे मोजायच्या गेजची पाती एकेक करून त्यावर टेकवली आणि प्रत्येक वेळी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. एकही पाते आट्यात नीट बसेना, दर वेळी कुठेतरी उजेडाची रेघ दिसत राहिली. शेवटी ते म्हणाले, “साहेब, हा आटा मिलिमीटरचा नाही आणि इंचाचाही नाही. हा त्यांच्या टॅपचा आटा आहे. टॅप गेला की आटा गेला.” टॅप म्हणजे आटे पाडायचे हत्यार.

यातली विसंगती पुणेकराला लगेच कळेल. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींपासून विमानांपर्यंत लागणारे सुटे भाग रोज कातले जातात, तिथल्या कुठल्याही बऱ्या टर्नरला हा सुपारीहून लहान तुकडा करणे हा चहा निवेपर्यंतचा खेळ आहे. पण शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात, आणि 5 व्या कलमानुसार शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे लेथवाल्याकडे जाणे हा पर्याय नाही. गेल्यास तोही अडचणीत येईल आणि आपला परवानाही जाईल. कारखाना बंद होणे म्हणजे एरवी पंपाच्या किंवा गिरणीच्या बाबतीत थोडी धावपळ असते, इथे ती कायद्याने बंद केलेली वाट ठरते. नळी खराब झाली तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण परवान्याच्या पुस्तकात नोंदलेला क्रमांक बंदुकीवर कोरलेला असतो आणि नळी बदलायची तर सगळे कागद पुन्हा हलवावे लागतात.

अशा कारखान्यांना गिऱ्हाईक का उरले नाही, हे समजण्यासारखे आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येऊ लागल्या, जादा बंदुका जमा कराव्या लागल्या, आणि नवा परवाना मिळणे तर त्याआधीपासूनच दुरापास्त होते. बिहारमधील मुंगेर येथे मीर कासिमने 1762 च्या सुमारास राजधानी नेऊन शस्त्रशाळा घातली, तेव्हापासून तिथे बंदूककाम चालत आले. आज तिथल्या परवानाधारक कारखान्यांतही कामाचा दुष्काळ आहे. श्रीमंत देशातही वेगळे घडलेले नाही. अमेरिकेत 1985 मध्ये टोनी नाइट यांनी ठासणीच्या रायफलीला आधुनिक रूप दिले, तरी त्यांच्या नावाची कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मालकाने ती पुन्हा उभी केली. थॉम्पसन सेंटर ही 1970 पासून ठासणीच्या रायफली बनवणारी कंपनी 2007 मध्ये स्मिथ अँड वेसनने विकत घेतली, 2021 मध्ये ती विकायला काढल्याचे जाहीर केले, आणि 2024 मध्ये ती जुन्या प्रमुखांच्या हाती परत गेली. तिथे नाव, आराखडे आणि साचे विकत घेणारा कुणीतरी भेटतो. इथे आराखडा कारागिराच्या हातात आणि टॅपमध्ये असतो, आणि कारखान्याचा परवाना दुसऱ्याच्या नावावर करणे सोपे नसते.

माझ्यापुरते सांगायचे तर विक्रेत्यामार्फत कारखान्याकडून काही जादा निपल आणि घोड्याची एक मुख्य कमान पावतीसह मागवून घेतली आहे. ती आली तेव्हा कारागिरांनी प्रत्येक निपल माझ्यासमोर नळीत फिरवून पाहिले. एक अर्ध्यातच अडकले, ते त्यांनी परत पाठवले. हाताने बनवलेल्या मालात असे होते, म्हणूनच नुसत्या पाकिटावर विश्वास ठेवून चालत नाही. त्यांच्याकडे आणखी एक तोड आहे: निपलची जागा मोठी करून तिथे प्रमाणित मापाचा आटा पाडायचा. काम त्यांच्या परवान्यात बसते, पण नळीच्या भिंतीत तेवढी जाडी आहे की नाही हे मोजल्याशिवाय ते हात लावायला तयार नाहीत, आणि त्यांचा हा हट्ट मला पटतो.

या कारखान्याच्या उरलेल्या बंदुका अजून काही दुकानांत आहेत आणि त्या स्वस्तात दिल्या जात आहेत. आपल्या भागात दुरुस्तीचा परवाना असलेला माणूस ओळखीचा असेल, त्याने आटे आणि नळीची जाडी आधी तपासली असेल आणि सुटे भाग त्याच पावतीवर मिळत असतील, तर घ्यायला हरकत नाही. यातले काही जमत नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा, कारण ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला त्याच 13 व्या कलमात वाव ठेवलेला आहे. अशा बंदुकीला लागणारी बारा बोअरची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात आणि तो 1869 पासून चालू आहे.