बेळगावच्या उद्यमबागेतलं शाफ्टचं वर्कशॉप: ७५ च्या वर थरथरणारी आमची पिकअप शांत झाली

आमची पिकअप कडोली भागातनं कोल्हापूरला भाजी घेऊन जाते, आठवड्यातनं तीन फेऱ्या. क्लच प्लेट बदलून आणल्यापासनं एकच त्रास, काकतीच्या पुढं हायवेला लागून काटा ७५ च्या वर गेला की सीटखालनं थरथर सुरू, ९० ला तर आरशात मागची गाडी धड दिसायची नाही आणि ६० वर आलं की काहीच नाही. एका ठिकाणी चारी चाकांचं बॅलन्सिंग अलाइनमेंट केलं, दुसरीकडं मागचे टायर बदला म्हणाले, तेबी बदलले. फरक काही नाही, पैसे गेले ते गेलेच आणि निपाणी येईपर्यंत कंबर धरायची ती वेगळीच.

मग ओळखीच्या ड्रायव्हरनं उद्यमबागेतल्या या मामांकडं पाठवलं. बाहेर बोर्डसुद्धा धड नाही, आत लेथ आणि शाफ्ट (गिअरबॉक्सपासनं मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) बॅलन्सिंगचं मशीन. मामांनी पाना हातात घेतलाच नाही, आधी म्हणाले "चल, हायवेला जाऊन येऊ". स्वतः स्टेअरिंगवर बसले. ८० ला चौथ्यात आणि पाचव्यात दोन्हीकडं थरथर तेवढीच. मग सपाट मोकळा रस्ता बघून न्यूट्रल केली, इंजिन चालूच ठेवून, तरी थरथर तशीच. म्हणाले, "इंजिन न्हवं, क्लच न्हवं. स्टेअरिंग हलत नाही म्हणजे पुढची चाकं न्हवं. बारीक झिणझिण आहे, हे शाफ्टचं."

बारीक का, तेबी समजावलं आणि मला हे लई आवडलं. आमच्या टायरला ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं, पण हाऊसिंगचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) रेशो ४ च्या आसपास धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर शाफ्ट सेकंदाला ४० वेळा फिरतो. म्हणून चाकाचा दोष असला की गाडी धडधडते आणि शाफ्टचा असला की अंगात मुंग्या आल्यासारखं होतं. एवढं आधी कोणी सांगितलं असतं तर नवीन टायरचे पैसे वाचले असते.

गाडी वर घेतल्यावर दोन मिनिटात सापडलं. क्लच काढताना कुणीतरी शाफ्ट स्लिप जॉइंटमधनं (दातांच्या सरकत्या जोडातनं) ओढून काढलेला, खूण न करता, आणि बसवताना एक दात पुढं बसवलेला. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस जॉइंट धरणारे U आकाराचे भाग) एका रेषेत नव्हते. क्रॉस जॉइंट, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, कोनात फिरला की शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, दुसऱ्या टोकाचा जॉइंट ते उलटं करून जिरवतो, पण योक सरळ असले तरच. नाहीतर क्रॉस कितीबी नवीन टाका, थरथर राहणारच. सोबत शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं होतं, ते बदललं, क्रॉस हातानं फिरवून बघितले, चांगले होते म्हणून तसेच ठेवले. दुसरा कोण असता तर क्रॉसचेबी पैसे लावला असता. शेवटी शाफ्ट मशीनवर चढवून बॅलन्स केला, छोटीशी पट्टी वेल्ड केली.

तक्रार एकच, वेळ लई लागतो. सकाळी ९ ला गेलो, गाडी हातात आली संध्याकाळी ६ ला. बसायला सावली नाही, फोन तर उचलतच नाहीत. पण जुनं रबर हातात दिलं, काय केलं ते गाडीखाली नेऊन दाखवलं आणि परत हायवेला ट्रायल घेतल्यावरच पैसे घेतले. आमच्याशी मराठी, पोरांशी कन्नड, दोन्हीत तेवढंच शांत बोलणं.

त्यानंतर कोल्हापूरच्या चार फेऱ्या झाल्या, भरून आणि रिकामी दोन्ही. संकेश्वरच्या पुढं ८५ ला पाण्याची बाटली डॅशबोर्डवर ठेवली तर पाणी हलत नाही. जाणार असाल तर शाफ्ट सोडवून पाठवू नका, गाडीच घेऊन जा, कारण ते आधी चालवून बघतात आणि माझ्या गाडीचा दोष शाफ्टचा हे तिथंच कळलं.