बर्डीवरचा जर्मनचा क्लास: शिकवणं चांगलं, गुणांची वाटणी चुकीची

मी नर्स आहे. जर्मनीत नोकरी करायची म्हणून नागपुरातल्या बर्डीवरच्या एका क्लासला ए१ या पहिल्या पातळीपासून बी१ या तिसऱ्या पातळीपर्यंत गेले. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मॅडमनी जीव ओतून शिकवलं. नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्याआधी येणारे डेर, डी, डास पाठ होईनात तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मराठीत तो, ती, ते आहेच की!" पुल्लिंगी शब्द निळ्या खडूने, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. ड्यूटीवर औषधांची नावं लिहितानाही मला ते रंग दिसायचे.

माझी तक्रार क्लासच्या परीक्षेबद्दल आहे. १०० गुणांपैकी ग्रामरला ५०, वाचनाला २०, लेखनाला १५, ऐकण्याला १० आणि बोलण्याला फक्त ५. मला ८३ मिळाले. घरी पेढे आले. त्या ८३ मध्ये ऐकण्याचे १० पैकी ४ होते, पण तिकडे माझं लक्षच गेलं नाही आणि क्लासमध्येही कोणी बोललं नाही.

गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी१ परीक्षेत ग्रामरचा वेगळा पेपर नसतोच. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं अशी चार मॉड्यूल, प्रत्येक १०० गुणांचं, आणि प्रत्येकात ६० हवेतच. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला देता येत नाहीत. ऐकण्याचे ३० प्रश्न असतात, म्हणजे निदान १८ बरोबर यायला हवेत. चारपैकी मधले दोन भाग एकदाच ऐकवतात. क्लासमध्ये आम्हाला प्रत्येक ऑडिओ दोनदा, कधी तीनदा लावून द्यायचे. पुण्याला परीक्षेत दोघांचं बोलणं सुरू झालं. पहिलं वाक्य नीट कळलं नाही, मी त्यातच अडकले, आणि मान वर केली तेव्हा ते पुढच्या विषयावर गेले होते. माझे १६ बरोबर आले. ५३ गुण. वाचन, लेखन, बोलणं तिन्ही निघालं, ऐकणं राहिलं.

मॅडमना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, ग्रामर पक्कं असलं की बाकीचं आपोआप येतं. मला ते अजिबात पटत नाही. मुलं अभ्यास गुण पाहूनच करतात. ज्याला ५ गुण, त्याला कोण रोज अर्धा तास देईल? आमच्या बॅचमध्ये बोलण्याची तयारी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू झाली होती.

एक दिलासा आहे. राहिलेलं एकच मॉड्यूल पुन्हा देता येतं. आता सकाळी सुभाषनगरहून मेट्रोने ड्यूटीला जाताना कानात जर्मन बातम्या असतात, एकदाच ऐकायच्या, मागे न्यायचं नाही.

ए१ साठी हा क्लास डोळे झाकून लावा, पाया असा पक्का फार कमी ठिकाणी होतो. बी१ साठी जाणार असाल तर फी भरायच्या आधी कोणत्या भागाला किती गुण ते विचारा आणि ऐकण्याचा तास आठवड्यातून किती वेळा होतो तेही विचारा. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.