मधमाशीवाला पांढरा सूट : गांधीलमाशीसाठी घ्या, आग्यासाठी नको

साडेतीन स्टार. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, पडवीतलं नाहीतर बागेतलं गांधीलमाशीचं पोळं काढायचं असेल तर सूट घ्या, पैसे वसूल आहेत. आग्या मोहोळ काढायचा विचार असेल तर सूटही घेऊ नका आणि तो विचारही डोक्यातून काढा. बाकी ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा, कारण मी हा सूट घालून वर्षभरात तीन ठिकाणी गेलो, एका ठिकाणी जिंकलो, एका ठिकाणी नुसता उभा राहिलो आणि एका ठिकाणाहून गप परत आलो.

आमचं गुहागरकडे जुनं कौलारू घर आहे, आईबाबा तिथे, मी पुण्यात, महिन्या-दीड महिन्याने खेप असते. घराला माणसांपेक्षा गांधीलमाश्यांचीच वस्ती जास्त, पडवीचे वासे, न्हाणीघराची मागची बाजू, पंपाची खोली, बंद पडलेला रहाट, कुठे ना कुठे लागलेल्याच असतात. आजवरची पद्धत म्हणजे बांबूला फडकं गुंडाळायचं, रॉकेल ओतायचं, पेटवायचं आणि पोळ्याला लावायचं. काकांनी एकदा असंच केलं, माश्या गेल्या पण वासापण धरला, पन्नास वर्षं सुकलेलं लाकूड ते, धडधडायला कितीसा वेळ लागतो, दोन कळश्या पाणी मारून विझवलं. तो वासा अजून काळा आहे आणि काका त्याच्याच खाली खुर्ची टाकून चहा पितात आणि मला सांगतात की सूटबिट काय लागत नाही रे.

सूट घ्यायचं कारण वेगळं झालं. गेल्या गणपतीत आई पहाटे जास्वंदीची फुलं काढायला गेली, पानांच्या आड लिंबाएवढं छोटंसं पोळं होतं ते दिसलं नाही, हात घातला आणि मनगटाला तीन डंख. अर्ध्या तासात हात कोपरापर्यंत सुजला. बांगड्या साबण लावून निघेनात, तेल लावून निघेनात, शेवटी वाढवाव्या लागल्या (मी 'फोडल्या' म्हणालो तर तिने त्या सुजल्या हातानेच मला मारायला हात उगारला, ऐन गणपतीत काय बोलतोस म्हणून). तेव्हा ज्यांना ज्यांना हाताला चावते त्यांनी आधी अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, मग चुना लावायचा का लोखंड घासायचं ते भांडत बसा. आम्ही फ्रीजमधला बर्फ लावला, दोन दिवसांनी उतरलं.

तर सूट. ऑनलाइन घेतला, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हेच कापड दहा नावांनी विकतात, साधारण साडेसतराशेला पडला. पांढरा, एका थराचा सुती, टोपीला पुढून काळी जाळी, सोबत चामड्याचे हातमोजे, त्यांना कोपरापर्यंत कॅनव्हासची बाही. पहिल्या पार्सलमध्ये दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे आले. फोटो पाठवला तर समोरून उत्तर, सर उलटा घालून बघा. घातला उलटा, अंगठा करंगळीच्या जागी. नऊ दिवसांनी उजवा आला, तो मात्र एक साइज मोठा. असो. पांढराच का तर मधमाश्या गडद आणि केसाळ गोष्टीवर आधी तुटून पडतात, अस्वल डोक्यात असतं त्यांच्या, म्हणून काळा टीशर्ट घालून पोळ्याजवळ जाणारे पहिले खातात.

पार्सल यायची वाट बघताना बरंच वाचून काढलं, आणि एक मजेशीर माहिती मिळाली. आपल्याकडे झुडपात, खिडकीच्या कोपऱ्यात जी बारीक तांबूस गांधीलमाशी लागते ना, उघड्या षटकोनी घरांचं छोटं पोळं, तिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) राघवेंद्र गडगकर या शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं काम केलंय, रोपालिडिया मार्जिनाटा तिचं नाव. तिची राणी म्हणे एकदम गरीब, कोणावर दादागिरी नाही, बघून ओळखताच येत नाही, पण तिला काढली की बाकीच्यांतली एक तासाभरात भयंकर भांडकुदळ होते आणि तीच पुढची राणी. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, सगळ्या घरांत असंच असतं.

आता पहिला सामना. पंपाच्या खोलीत दाराच्या वरच्या चौकटीला मोठ्या गांधीलमाश्या, काळ्या, पोटावर पिवळा पट्टा, पोळं बशीएवढं. पाणी सोडायला बाबा रोज त्याच दारातून वाकून जातात म्हणून काढणं भाग होतं, नाहीतर मी काढत नाही, त्या बागेतल्या अळ्या उचलून नेतात आपल्या पिल्लांना, वांग्या-भेंडीवर त्यांचे उपकारच आहेत. वेळ रात्री साडेआठची. दिवसा जाऊ नका, दिवसा अर्ध्या बाहेर असतात आणि तुमच्या पाठीमागून घरी परततात. बॅटरीला जिलेटिनचा लाल कागद लावला, लाल उजेड त्यांना दिसत नाही, पांढऱ्या बॅटरीवर सरळ उजेड धरून येतात म्हणजे तुमच्या हातावरच. हातात फवारणीचा छोटा पंप, त्यात पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड चांगलं दाट. साबणाचं पाणी अंगाला चिकटलं की त्यांच्या श्वासाची छिद्रं बुजतात आणि जागच्या जागी पडतात. बाजारातला फवारा आम्ही आधी वापरून झालोय, त्याने मरतात पण मरायच्या आधी जे दहा-पंधरा सेकंद पिसाळतात त्यात आपला निकाल लागतो, शिवाय तिथेच खाली विहीर.

घालून बाहेर आलो तर आई म्हणाली, गादीचा अभ्रा घातलायस का. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कुत्र्याला आत घेतलं.

दोन पावलांवरून फवारा मारला. आधी एक खर्रर्र असा आवाज, पोळं कागदाचंच असतं ना, लाकूड चावून चावून थुंकीत कालवून केलेला कागद, त्यावर सगळ्यांचे पाय एकदम सरकले की तसा आवाज येतो. मग टपटप पडायला लागल्या. सूटवर येऊन आपटत होत्या, कपड्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगतो त्या क्षणी मला हा सूट जगातली सर्वात भारी गोष्ट वाटली. आणि तेवढ्यात जाळीच्या आत एक.

आत. माझ्या नाकापासून चार बोटांवर. टोपीची चेन दोन्ही बाजूंनी येऊन गळ्याशी मिळते तिथे करंगळी जाईल एवढी फट राहते, वर वेल्क्रोची पट्टी आहे पण ती घामाने सुटली होती. माशी जाळीवर आतून चालतेय, पोट आत-बाहेर करतेय, पिवळा पट्टा मला वाचता येईल इतका जवळ. बाबा लांबून ओरडतायत हलू नको, मी हलतच नव्हतो, मी श्वासपण घेत नव्हतो. उलट्या पावली तीस-चाळीस पावलं मागे गेलो, खळ्यातला दिवा बंद करायला लावला, चेन उघडली आणि टोपी भिरकावली. कानाच्या पाळीला एक डंख घेतलाच. मधमाशीचा काटा करवतीसारखा असतो तो आपल्यात अडकतो आणि ती मरते, गांधीलमाशीचा सरळ सुईसारखा, ती एक देऊन थांबेलच असं नाही, माझं नशीब की तिला अंधारात सुधरलं नाही. या फटीचा अर्धा स्टार कापलाय. उपाय सोपा आहे, गळ्याशी आणि पायाच्या घोट्याशी इन्सुलेशन टेप गुंडाळा, बुटाच्या आत पायजमा खोचू नका, वरून टेप. दहा मिनिटांनी परत गेलो, पोळं खरवडून काढलं, सकाळी कोंबड्यांनी खालच्या अळ्या साफ केल्या.

दुसरी वेळ मे महिन्यातली आणि इथे माझा एक पूर्ण स्टार गेला. मे महिना, गुहागर, दुपार, एका थराचा सुती सूट आणि आत फुल बाह्यांचा शर्ट आणि जीन्स. आत जाड घालावंच लागतं कारण जिथे कापड अंगाला ताणून बसतं, खांदा, कोपर, वाकल्यावर गुडघा, तिथून काटा आरपार येतो. सूट ढगळच हवा. मी माझ्या मापाचा मागवला ती चूक, एक काय दोन साइज मोठा घ्या. तीन थरांचा जाळीदार सूटपण मिळतो, हवा खेळते, पण किंमत दुपटीच्या वर. आपल्या हवेत तोच घ्यायला पाहिजे होता असं आता वाटतं.

तर मे महिन्यात जुन्या मीटरच्या पेटीत सातेरी माश्या आल्या. सातेरी म्हणजे आपल्या गरीब मधमाश्या, अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी पोळी लावतात, झाडाच्या ढोलीत, भिंतीत, मडक्यात. त्यांना मारायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या वाडीत एक आजोबा मधपेट्या ठेवतात त्यांना बोलावलं. मी सूट, मोजे, टेप, सगळं करून तयार. आजोबा आले लुंगी आणि बनियनवर, डोक्याला फक्त मच्छरदाणीचं फडकं. मला बघून विचारलं, आंघोळीला साबण कुठला लावलास रे, वास येतो. मग विचारलं, केळं खाल्लंस का. मला वाटलं चेष्टा करतायत, पण ते खरं आहे, मधमाशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा वास सोडते तो पिकल्या केळ्यासारखा असतो, त्या वासावर बाकीच्या तिथेच येऊन मारतात. म्हणून मोजे आणि सूट प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर धुवायचा, नाहीतर पुढच्या वेळी जुन्या डंखांचा वास घेऊनच तुम्ही पोळ्यापुढे उभे.

आजोबांनी नारळाच्या सोडणांचा थोडा धूर दिला, सुरीने पोळ्याचा एकेक पडदा कापला, अंडी-पिल्लं असलेला भाग पेटीच्या चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधला, आणि मग बोटाने माश्या हळूहळू बाजूला सारत राहिले, तांदूळ निवडतात ना तसं. राणी सापडली, तिला बारीक जाळीच्या डबीत घालून पेटीत ठेवली. त्यानंतर काही करावंच लागलं नाही, अंधार पडेपर्यंत सगळ्या आपल्या पायांनी चालत पेटीत गेल्या. दीड तासात त्यांना दोन डंख, नखाने लगेच खरवडून काढले. काटा चिमटीत धरायचा का नखाने काढायचा यावर वाद घालू नका, लवकर निघाला पाहिजे एवढंच, विषाची पिशवी काट्याबरोबरच राहते आणि पंप चालूच असतो. मला एकही डंख नाही, पण मी काहीच केलं नाही, फक्त घाम गाळला, जाळीवर आतून वाफ धरली आणि चष्मा धुरकटला म्हणून आजोबांचं निम्मं काम दिसलंपण नाही.

पुण्यात असाल आणि असं काही शिकायचं असेल तर गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे मधमाशीपालनाचे कोर्स होतात. सूट घ्यायच्या आधी तिकडे एक चक्कर मारली असती तर माझी बरीच फरफट वाचली असती.

तिसरी वेळ. माझ्याकडे सूट आहे ही बातमी गावात पसरलीच होती, एका बागायतदाराने बोलावलं, सावरीच्या झाडाला मोहोळ लागलंय, खाली आंब्याची तोड थांबलीय, तू ये. गेलो. पन्नास फुटांवर फांदीखाली एकच पोळं, हातभर रुंद नाही, चांगलं दोन-अडीच हात, आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. बघत असताना एक मोठी गांधीलमाशी जवळून गेली आणि त्या पडद्यावरून लाट सरकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काळी-सोनेरी, शेतावरून वारा जातो तशी. पाठ उचलून दाखवतात त्या, लांब राहा म्हणून. मी लांब राहिलो. आग्याचा डंख लांब, माश्या हजारोंनी, चिडल्या तर शेकडो मीटर पाठलाग करतात, आणि पन्नास फुटांवर शिडीवर असताना गळ्याची ती फट सुटली तर मी टोपी कुठे भिरकावणार होतो. त्यांना सांगितलं, त्या बाजूची तोड शेवटी करा, धूर करू नका, ढोल-फटाके नकोत, पोरांना दगड मारू देऊ नका, या माश्या मुक्काम हलवतातच. ते म्हणाले, मग तुझ्या सुटाचा उपयोग काय. पावसाच्या तोंडाला गेल्या त्या, रिकामं मेणकट पोळं तेवढं राहिलं.

अजून एक. चावल्यावर नुसती सूज आली तर घरगुती ठीक, पण अंगभर गांध्या, ओठ सुजणं, दम लागणं, चक्कर यातलं काहीही झालं तर गाडी काढा आणि सरळ दवाखाना, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं तिथे, तुळशीची माती नाही. आणि सूट घातलाय म्हणून एकट्याने जाऊ नका.

सध्या सूट पडवीत खुंटीला टांगलाय. परवा आईचा फोन, त्याच्या बाहीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय म्हणे, छोटी सुगडं लावल्यासारखं. ती बिचारी सहसा चावत नाही, राहू दे म्हटलं.